अंगठ्याचा ठोका

"बाई, एवढंच सांगा. प्रत्येक ठोक्याला ती ओ देते की नाही?"

बाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण ती?"

"तंतुकणिका. मायटोकाँड्रिया. हृदयाच्या पेशीतली."

"आधी बूट काढ."

विश्रामने खाली पाहिलं. सारवलेल्या ओट्यावर तो बुटांसकट उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्याने बूट काढून त्याने पायरीवर ठेवले आणि बाईंच्या समोर येऊन मांडी घातली.

आता विश्राम पाटणकर म्हणजे काही साधा माणूस नव्हे. हृदयाच्या पेशींवर काम करणाऱ्यांत त्याचं नाव मोठं. स्वतःची प्रयोगशाळा, हाताखाली माणसं, परदेशच्या वाऱ्या. उद्या पुण्यात भर सभेत त्याचा सत्कार व्हायचा होता, शाल-श्रीफळ सगळं. पण खडकवळणच्या मठाच्या पायऱ्या चढून आला, की त्याचा परत विद्यार्थी व्हायचा. बाई दुसरं काही होऊच द्यायच्या नाहीत.

बाई म्हणजे डॉक्टर अंबुजा धारप. शरीर कसं चालतं हे शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर नदीकाठच्या या मठात येऊन त्यांनी मागची खोली मागितली. महाराजांनी विचारलं, दीक्षा घेणार का? तर म्हणाल्या, "मी घेतलेली आहे, महाराज. फार वर्षं झाली." महाराज हसले आणि त्यांनी किल्ली दिली. तेव्हापासून बाई तिथेच. भगवं नेसल्या नाहीत की माळ ओढली नाही. आल्यागेल्याचं दुखलंखुपलं बघायचं आणि मठाच्या स्वयंपाकाला हात लावायचा.

शिकवायच्या तेव्हाही त्या अशाच होत्या. नव्या मुलांचा पहिला तास असला, की वर्गात यायच्या, एकाला पुढे बोलवायच्या आणि नाडी बघायला सांगायच्या.

"तीन बोटं ठेव. अंगठा बाजूला. अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो."

झालं. तास संपला. एवढ्यासाठी का आपण इथे प्रवेश घेतला, म्हणून मुलं एकमेकांची तोंडं बघत बसायची. विश्रामही बघत बसला होता.

बाईंनी वालाचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"सोल. आणि सोलता सोलता सांग. काय म्हणत होतास?"

विश्रामने एक दाणा उचलला.

"हृदयाचा ठोका पडतो, तेव्हा पेशीतून कॅल्शियमची लाट जाते, बाई..."

"ते मीच शिकवलं तुला."

"हो. लाट आली की स्नायूचे धागे आखडतात, ओसरली की सैल होतात. आणि त्या धाग्यांच्या शेजारी ओळीने या तंतुकणिका बसलेल्या. सगळ्या कामाला लागणारी ऊर्जा त्या करतात. त्यांची चूल पेटती राहिली तर हृदय चालणार. प्रश्न असा, की ती लाट त्यांच्यापर्यंत पोचते कशी? दर ठोक्याला त्या घोटभर कॅल्शियम आत घेतात आणि पुढच्या ठोक्याआधी सोडून देतात? की नुसत्या ऐकत राहतात, आणि खूप ठोके झाले की हळूहळू जागच्या हलतात?"

"तू काय दाखवलंस?"

"दर ठोक्याला घेतात. उद्याचा सत्कार त्याचाच."

"मग मला का विचारतोस?"

विश्रामच्या चिमटीत दाणा फुटला. त्याने तो गुपचूप सालींत टाकला.

"दाबू नकोस," बाई म्हणाल्या. "नुसतं टोक धरायचं. तो आपला आपण निसटतो."

...

"किती घेते रे ती?"

"थोडं, बाई. फार थोडं. तिचं दारच असं असतं, की बारीकसारीक कुजबुजीला उघडत नाही. शेजारी चांगली मोठी हाक झाली, की मग किंचित."

"सगळं का घेत नाही?"

"सगळं घेतलं तर फुगेल. फुटेल. पेशी मरेल."

"बरं. आणि काहीच घेतलं नाही तर?"

"तर तिला कळणारच नाही, की बाहेर हृदय धावतंय. ती आपली स्वस्थ बसेल, आणि हृदय उपाशी राहील."

बाईंनी मान हलवली. सोललेले दाणे त्यांनी वाटीत टाकले.

"सारिका कशी आहे?"

विश्रामला हा प्रश्न नको होता. पुण्याहून निघाल्यापासून तो मनातल्या मनात देवाला हेच सांगत होता, की बाकी काहीही विचारू देत, हे नको. मागच्या वर्षी सारिका वाघमोडेला घेऊन तो इथे आला होता. सांगोल्याकडची मुलगी. बोलणं कमी, नजर तीक्ष्ण. बाईंना ती आवडली होती. जाताना त्यांनी तिच्या हातावर कोकमाचा डबा ठेवला होता.

"सोडून गेली, बाई."

"सोडून गेली, की घालवलीस?"

...

मठाच्या विहिरीवर कुणीतरी पाणी शेंदत होतं. रहाट कुरकुरत होता.

"चहा करू?" बाईंनी विचारलं.

आणि चहा या एका शब्दाने विश्रामचा बांध फुटला. का, ते सांगायला हवं.

बाईंच्या प्रयोगशाळेत एक रिवाज होता. कुणी नवीन काही सापडलं म्हणून नाचत आला, की बाकीच्यांनी त्याला खोटं पाडायचं. हा प्रयोग असा करून बघ, तो तसा करून बघ. तुझं म्हणणं खोटं असेल तर इथे उघडं पडेल. ज्याची युक्ती सगळ्यांत जालीम, त्याला बाई स्वतःच्या खुर्चीत बसवायच्या. चहाचा पहिला कप त्याला. बाई स्टुलावर. विश्राम पोरसवदा होता तेव्हा त्या खुर्चीत किती वेळा बसला होता, आणि बसून किती मिजाशीत चहा प्यायला होता.

स्वतःची प्रयोगशाळा झाल्यावर प्रत्येक नव्या माणसाला तो ही गोष्ट रंगवून सांगायचा. सारिकालाही सांगितली होती. तिच्या पहिल्याच दिवशी.

"ती आली होती, बाई, माझ्याकडे," विश्राम म्हणाला. "आम्ही तंतुकणिकांत रंग भरला होता. कॅल्शियम आत गेलं की तो उजळतो. सूक्ष्मदर्शकाखाली दर ठोक्याला लखलख व्हायचं. मी तर हुरळून गेलो होतो. शोधनिबंध लिहून तयार होता, परिषदेची तारीख जवळ आली होती. आणि ही आली. म्हणाली, सर, पेशी आखडते नेमकी तेव्हाच उजेड वाढतो."

"मग?"

"म्हणाली, आखडली की तंतुकणिका एकमेकींजवळ येतात. दाटीवाटी होते. म्हणून तर जास्त उजेड दिसत नसेल? आत कॅल्शियम गेलेलंच नसेल कदाचित. नुसती हालचाल असेल."

बाईंचे हात थांबले.

"पुढे?"

"म्हणाली, औषध घालून आखडणं तेवढं थांबवू या. लाट चालू राहील, पेशी हलणार नाही. तेव्हाही लखलखलं तर आपलं खरं."

"छान सांगितलंन."

"हसत सांगत होती, बाई. तिला वाटलं असणार... तिला वाटलं असणार, आता सर खुर्चीतून उठणार."

विश्रामने तोंड फिरवलं. नदीकडे बघत राहिला. पण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू उठलास का?"

"मी म्हणालो, तुझ्या हाताने पेशी मरतात. आधी हात सुधार, मग सरांना शिकव. सगळ्यांच्या देखत म्हणालो. आणि पुढेही म्हणत राहिलो. जो विचारेल त्याला सांगितलं, की मुलगी हुशार आहे पण हात नाही."

"हात होता?"

"माझ्यापेक्षा चांगला होता."

हे मात्र तो चटकन बोलला. खोटं बोलून बोलून माणूस दमला, की खरं असंच बाहेर पडतं.

"आणि तो प्रयोग?"

"ती गेल्यावर मी केला. एका रविवारी, कुणी नसताना. औषध घातलं. लाट येत होती, जात होती, आणि पेशी गप पडून होती." तो थांबला. "लखलख नाही झाली, बाई. एकदाही नाही. उजेड आपला जागच्या जागी. फार वेळाने जरासा वर चढला, इतकंच. मी दिवा घालवला, खोलीला कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही."

...

"कुणाला ठाऊक आहे?"

"तुम्हाला."

बाईंनी मांडीवरच्या साली झटकल्या. विश्रामला वाटलं, आता त्या उठून आत जातील. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तरी बरं वाटलं असतं. लहानपणी मार खाऊन मोकळा व्हायचा माणूस, तसा तो वाट बघत राहिला. पण बाई ना उठल्या, ना रागावल्या.

"खरं असेलही ते," त्या म्हणाल्या.

विश्रामने एकदम वर पाहिलं.

"काय?"

"दर ठोक्याला घेत असतीलही. घोटभर नाही तर थेंबभर. जगात यावरून भांडणं चालू आहेत म्हणे. तुझा रंग तेवढा तेज नसेल. तुझं म्हणणं खरं असेलही, विश्राम. पण तू ते पाहिलेलं नाहीस."

झालं. बुडत्याला काय, तेवढंच हवं होतं. शेवटचं वाक्य त्याच्या कानावर गेलंच नाही. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तो सावरून बसला.

"तेच म्हणतो मी, बाई. खरं असू शकतं. मग लगेच उठून बोंब मारण्यात काय अर्थ आहे? उद्याचा कार्यक्रम होऊन जाऊ दे. लोकांनी एवढी तयारी केलीय, त्यांचा विरस कशाला? मग सवडीने मी दुरुस्ती छापतो. छोटीशी. कुणाचं नुकसान नाही."

"कुणाचंच नाही?"

"म्हणजे... माझंच थोडं."

"आणि सारिकाचं?"

"तिला दुसरीकडे मिळेल, बाई."

"मिळालं?"

विश्रामने नवा दाणा उचलला.

"मी काय विचारते आहे?"

"नाही मिळालं. घरी बसून आहे. तिच्या हाताला पेशी जगत नाहीत, असं सगळीकडे झालंय."

"असं झालंय," बाई म्हणाल्या. "आपलं आपण."

विश्रामने मान खाली घातली. ती इतकी खाली गेली, की त्याला फक्त बाईंची पावलं आणि वालाच्या साली दिसत होत्या.

"आशीर्वाद मागायला आलो होतो मी," तो पुटपुटला. "खरं सांगू? तुम्ही म्हणाल, जाऊ दे रे, होतं असं. तेवढंच ऐकायला आलो होतो."

बाईंनी वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले. मग छातीवर तळवा ठेवून त्या खांबाला टेकल्या.

"विश्राम, मला कसंतरी होतंय. नाडी बघ बरं."

तो गुडघ्यांवर पुढे सरकला, पातेलं कलंडलं, दाणे ओट्यावर घरंगळले. बाईंनी पुढे केलेलं मनगट त्याने पकडलं. काडीसारखं मनगट. त्याने डोळे मिटले.

"बाई, फार जोरात चाललीय."

"हो का?"

"धावतेय नुसती. आणि अधूनमधून चुकतेय. तुमच्या गोळ्या कुठे आहेत? मी गाडी काढतो, तालुक्याला नेतो तुम्हाला. बोलू नका तुम्ही."

"घाबरलेली वाटते का रे?"

"हो, बाई. फार."

"विश्राम."

"अं?"

"डोळे उघड."

त्याने डोळे उघडले. बाई शांत बसल्या होत्या. त्याच्याकडे नव्हे, त्याच्या हाताकडे बघत होत्या.

त्यानेही पाहिलं.

बाईंच्या मनगटावर त्याने अंगठा रोवला होता.

...

त्याने अंगठा उचलला. तीन बोटं ठेवली. बराच वेळ त्याला काही लागेचना. मग लागली. संथ. बारीक, म्हातारी, पण एका लयीत. कसली घाई नाही, कसली भीती नाही.

पहिल्या तासाला शिकवलेली गोष्ट. ज्याला उद्या हृदयाचा मोठा जाणकार म्हणून शाल घालणार होते, त्याची ही गत. विश्रामचा चेहरा कानापर्यंत तापला. त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण ओटा चांगला सारवलेला होता आणि त्यावर वाल सांडले होते, ते वेचायला हवे होते. तो एकेक दाणा वेचू लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"तुम्हाला खरंच कसंतरी होत होतं?" त्याने खाली बघतच विचारलं.

"तुझं ऐकून होत होतं."

त्याने दाणे पातेल्यात टाकले. खिशातून फोन काढला.

"कुणाला लावतोस?"

"सत्काराच्या मंडळींना. उद्या येतो म्हणून सांगतो, पण शाल नको. मला जे बोलायचंय ते बोलू द्या, म्हणतो."

"ते नंतर. आधी तिला."

विश्रामचा हात थांबला. भर सभेत सांगायची त्याने मनाची तयारी केली होती. हे त्याहून अवघड होतं. सभेत माणसं पुष्कळ असतात, कुणाच्याच डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

त्याने सारिकाचा नंबर काढला. काढला आणि बघत बसला. बाई परत वाल सोलायला लागल्या होत्या.

पलीकडे घंटी वाजत राहिली. त्याला वाटलं, उचलणार नाही. मनातून वाटलं, नाही उचलला तर बरं. आणि असं वाटलं याची त्याला परत लाज वाटली.

"हॅलो... सर?"

अजून सर म्हणत होती.

"सारिका," तो म्हणाला. "तू सांगितलेला प्रयोग मी केला. कधीचाच केला. तुझं बरोबर निघालं. ती हालचाल होती. आणि तुझ्या हाताबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. खोटं आहे हे मला बोलतानाच माहीत होतं. उद्या सगळ्यांसमोर हे सांगणार आहे, तुझं नाव घेऊन. पण आधी तुला सांगायला हवं होतं... तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडे काही नाही.

कोंबडं आरवल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी अंगणातला. म्हणजे फोन चालू होता.

"सारिका? ऐकते आहेस ना?" विश्राम घाईघाईने बोलायला लागला. "म्हणजे काय झालं, की तारीख अगदी तोंडावर आली होती, आणि वरून सारखे फोन येत होते. मला त्या वेळी असं वाटलं, की आपण एवढी वर्षं..."

बाईंनी हात वर केला.

तो थांबला.

...

पलीकडे कुणी श्वास घेतल्यासारखं वाटलं. मग तेही नाही. विश्रामने फोन कानाला घट्ट दाबून धरला, आणि बाईंकडे कासावीस होऊन पाहिलं.

"बाई, ती काहीच बोलत नाहीये."

"ऐक."

"काय ऐकू? काही येतच नाही ऐकू."

बाईंनी एक दाणा टोकाशी धरला. तो आपला आपण निसटून वाटीत पडला.

"अंगठा बाजूला ठेवून ऐक."